डावीकडचा खालचा खण

घड्याळजीला नाटकाचं वेड होतं, आणि अशा माणसाबरोबर नाटकाला जाणं म्हणजे काय असतं ते त्याच्या बायकोला विचारावं. गल्लीत तिला सगळे माई म्हणत. चौतीस वर्षं ती नवऱ्याच्या उजवीकडच्या खुर्चीत बसून नाटकं बघत आली होती आणि चौतीस वर्षं तिच्या डाव्या कोपराला चिमटे बसत आले होते. नाटक चालू असताना बोलायचं नाही, हा घड्याळजीचा पहिला नियम. कुजबुजायचंही नाही, हा दुसरा. "हा मागच्या नाटकात पोलीस होता ना" एवढं जरी तिच्या तोंडून निघालं, तरी चिमटा ठरलेला.

खेळ तीनचा असला की स्वारी सव्वादोनला दारात हजर. उशिरा येऊन लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढणारे, नेमके रडण्याच्या प्रसंगाला खोकणारे, आधीच नाटक बघून आलेले आणि पुढे काय होणार ते शेजाऱ्याला सांगणारे, या सगळ्यांच्या नावानं तो घरी पोचेपर्यंत बोटं मोडायचा. गोळीचा कागद हळूहळू सोडणाऱ्यांवर तर त्याचा विशेष राग. अरे, एकदाच काय तो फाडा आणि टाका तोंडात, सगळे सुटतील. पण नाही. एक घडी या प्रवेशात सोडायची, दुसरी पुढच्या. आणि पुढच्या खुर्चीत उंच डोक्याचा माणूस येणं हे तर घड्याळजीच्या कपाळीच लिहिलेलं होतं.

माईचं नाटकाचं सुख वेगळं होतं. पडदा उघडायच्या आधी, पडद्याखालच्या फटीतून लगबगीनं इकडून तिकडे जाणारे पाय दिसतात ना, ते बघायला तिला फार आवडायचं. घाईचे पाय, घाबरलेले पाय, एका जागी उभं राहून चवडे वरखाली करणारे पाय. त्या पायांमध्ये ती सात वर्षं एकच जोडी शोधत होती, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ती जोडी तिच्या मुलाची. पोरगा लहानपणापासून घड्याळाच्या काट्यासारखा किडकिडीत, म्हणून घरात त्याला काट्याच म्हणत. बापानं त्याला दुकानात बसवला, भिंग दिलं, चिमटा दिला, आणि दर महिन्याला नाटकालाही नेला. आता चोरालाच चोरवाट दाखवल्यावर काय होणार? तेविसाव्या वर्षी काट्यानं भिंग खाली ठेवलं आणि गावोगावी फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत जातो म्हणाला. घड्याळजीनं आकाशपाताळ एक केलं. नाटक पैसे टाकून तीन तास बघायचं असतं, त्यात जाऊन राहायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. पोरगा ऐकेना. शेवटी बापानं सुनावलं, की पुन्हा या दारात उभा राहू नकोस. आणि बायकोकडे वळून म्हणाला, याला भेटायला गेलीस किंवा याच्या पत्राचा कपटा जरी मला या घरात दिसला, तरी मी त्या दिवशी बाहेर पडेन तो परत येणार नाही.

रागात माणूस काहीही बोलतो, असं तुम्ही म्हणाल. पण घड्याळजी बोलला की बोलला. सख्ख्या भावाशी एका छत्रीवरून तो नऊ वर्षं बोलला नव्हता, आणि भाऊ मेल्यावर मात्र आठ दिवस जेवला नव्हता. माईला हा माणूस ठाऊक होता. म्हणून काट्याची पत्रं शेजारच्या शिंपिणीच्या पत्त्यावर यायची आणि माई ती वाचून घरातल्या जुन्या लिहायच्या टेबलात लपवायची. सासऱ्यांच्या वेळचं ते भलंथोरलं टेबल. उजवीकडच्या तीन खणांमध्ये घड्याळजीच्या स्प्रिंगा, काटे आणि कागद. डावीकडचे तीन माईचे, वरच्या दोनांत दोरे, बटणं आणि औषधं. डावीकडचा सगळ्यात खालचा खण अडायचा. तो आधी जरा वर उचलून मग ओढावा लागे, आणि ही खुबी तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. त्या खणाच्या तळाशी अंथरलेल्या जाड कागदाखाली सव्वीस पत्रं होती. फोटो पाठवू नकोस, असं तिनंच मुलाला कळवलं होतं. कागद दडवता येतो, पण फोटो हाती आला तर आपल्याच्यानं तो दडवून ठेवणं होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

तर, ही गोष्ट ज्या नाटकाची, त्याच्या चार दिवस आधी माई बहिणीकडून परत आली आणि बघते तो काय, खोलीत टेबल नाही. जमिनीवर चार पायांचे चार ठसे आणि एका खोक्यात वरच्या दोन खणांतले तिचे दोरे, बटणं, औषधं; खालचा खण नवऱ्याला उघडलाच नसणार. घड्याळजी म्हणाला, पॉलिशला दिलंय. कुणाकडे दिलंय ते सांगेना, गालातल्या गालात हसत होता. चार दिवस माईच्या घशाखाली घास उतरला नाही. पॉलिशवाला तळाचा कागद उचलणार, पत्रं सापडणार, आणि तो प्रामाणिक निघाला तर नवऱ्याच्या हातात आणून देणार. या वयात नवरा घर सोडून जाणार आणि आपण त्या चार ठशांकडे बघत बसणार, एवढंच तिला दिसत होतं.

नाटकाला ती आली ती अशी, अर्धमेली. घड्याळजी मात्र लग्नाला निघाल्यासारखा सजला होता. तिकिटं दाखवताना दारावरच्या माणसानं त्याला ओळखीचं हसू दिलं, तेही तिनं पाहिलं नाही. तिसरी रांग, मधल्या खुर्च्या. पुढे अर्थातच उंच डोकं. मागे खोकणारा, डावीकडे गोळ्यांची पुडी घेऊन बसलेली एक बाई. सगळा सरंजाम जागच्या जागी होता. पडद्याखालचे पाय बघायचंही माईला सुचलं नाही.

पडदा उघडला आणि तिला वाटलं, आपल्याला भोवळ आली असावी. रंगमंचाच्या बरोबर मध्यावर तिचं टेबल उभं होतं. तोच उजव्या कोपऱ्याचा टवका, त्याच पितळी मुठी, आणि त्यांच्यावर हा एवढा प्रकाश. घड्याळजी तिच्या कानाशी वाकला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा नाटक चालू असताना तो बोलत होता. कंपनीला खरंखुरं जुनं टेबल हवं होतं, नकली नको, म्हणून आपलं दिलं, बदल्यात ही दोन तिकिटं; कसं दिसतंय? मागून कुणीतरी शुक् केलं. घड्याळजी लाजला आणि ताठ बसला.

चारशे माणसांसमोर आपलं गुपित सहा खणांत मांडून ठेवलंय आणि आपण तिकीट घेऊन ते बघायला आलोय, असं कधी कुणाच्या बाबतीत झालं असेल का? पळून जावं तरी कसं? पंधरा गुडघे ओलांडावे लागणार, आणि नवऱ्याला काय सांगणार?

नाटक एका डॉक्टरचं होतं. बाप वारल्यावर तो बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि बापानं आपल्यासाठी लिहून ठेवलेलं पत्र शोधतो. शोधतो कुठे? बापाच्या टेबलात. माईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टर टेबलाशी आला. इकडे बघ, तिकडे बघ, त्यानं हात घातला तो नेमका डावीकडच्या खालच्या खणाला. ओढला. खण हलला नाही. त्यानं दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला. टेबल करकरलं. लोक हसायला लागले, त्यांना वाटलं ही नाटकातलीच गंमत. घड्याळजीही हसला. उचलू नकोस, बाबा, वर उचलू नकोस, असं माई मात्र मनातल्या मनात म्हणत राहिली.

डॉक्टरनं नाद सोडला आणि उजवीकडचा वरचा खण उघडला. आत हात घालून घडी केलेला कागद काढला. माईनं खुर्चीचा हात सोडला. मागचा खोकणारासुद्धा गप्प झाला. डॉक्टरनं घडी उलगडली, दिव्याकडे धरली आणि भरदार आवाजात वाचायला सुरुवात केली.

"चिरंजीव काट्या."

माईला आधी वाटलं, आपलंच डोकं फिरलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजीचा चेहरा पांढराफटक पडला होता, तोंड उघडं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नाटकातली माणसं शंभर पानं पाठ करतील, पण पत्र पाठ करत नाहीत. ते कागदावर लिहिलेलंच असतं, समोर धरून वाचायचं. पाठांतराच्या वहीतही तिथे एवढंच असतं: पत्र वाचतो. त्यामुळे डॉक्टरच्या हातात भलताच कागद आला तेव्हा त्याला वाचत सुटण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे पत्र आपलं नव्हे, हे दुसऱ्या ओळीला त्याच्या लक्षात आलं असणार, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. विंगेतून कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, काय झालं. नाटकात त्याची बहीण झालेली नटी त्याच्याकडे बघतच राहिली. पण खऱ्या पत्रातही बापच मुलाला लिहीत होता. तेव्हा लोकांना कसला पत्ता लागतोय?

"हेही पत्र मी पाठवणार नाही," डॉक्टर वाचत होता. "आधीची पाठवली नाहीत, तसंच. तुझं काम मी आतापर्यंत अकरा वेळा पाहिलं. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसतो."

घड्याळजी उठून उभा राहिला. "थांबा," तो म्हणाला. "ते माझं आहे."

चारी बाजूंनी शुक् शुक् झालं. उंच डोकं मागे वळलं आणि त्यानं घड्याळजीला, म्हणजे सबंध नाट्यगृहात गप्प बसण्याचा मक्ता घेतलेल्या माणसाला, जरा भान ठेवा म्हणून सुनावलं. माईनं नवऱ्याचा कोट धरून खाली ओढला.

"बसा," ती म्हणाली. "वाचू दे त्याला."

"म्हाताऱ्या नोकराच्या कामात तुझी चाल बघून मला हसू आवरेना. ती माझी चाल होती. तुझ्या आईला मी सांगतो, की सुटे भाग आणायला जातो. ती डबा भरून देते. तुमचा खेळ असेल त्या नाट्यगृहासमोरच्या बाकावर बसून मी तो खातो, आणि दर वेळी ठरवतो की आज आत जाऊन भेटायचं. पण एकदा बोललेला शब्द घशात अडकून बसलाय. गिळवत नाही आणि थुंकवतही नाही."

अकरा वेळा. माईच्या डोक्यात तो आकडा घणासारखा वाजत होता. सुटे भाग आणायला म्हणून हा माणूस निघायचा, तेव्हा पहाटे उठून तिनं त्याचा डबा भरला होता. अकरा डबे. हा तिकडे बसून पोराला डोळे भरून बघत होता, आणि आपण? आपण याच्या शब्दाला घाबरून सात वर्षं पडद्याखालचे पाय मोजत बसलो. भेटायला जाणं सोडाच, एक फोटो मागवायची हिंमत केली नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तिला त्या क्षणी कळली. एक मन म्हणत होतं, त्याच्या थोबाडीत द्यावी. दुसरं म्हणत होतं, खांबाआड बसून हसू दाबणारा हा माणूस आपल्याला कधी दिसलाच कसा नाही? नवरा खाली मान घालून बसला होता. त्याच्या हाताला कोटाचं बटण सापडत नव्हतं. केसाएवढी स्प्रिंग बसवताना न चुकणारे ते हात तिनं असे कधी पाहिले नव्हते.

डॉक्टरनं कागद उलटला. आता त्याचा आवाजही नाटकातला राहिला नव्हता.

"गेल्या खेपेला आलो, तर तुझ्या जागी दुसराच कुणीतरी होता. दारावर विचारलं, तर म्हणाले सोडून गेला. का गेला, कुठे गेला, कुणी सांगेना. आजारी आहेस का? काही बरंवाईट तर झालं नाही? महिनाभर डोळ्याला डोळा नाही. दुकानात घड्याळं उघडून बसतो आणि तशीच मिटतो. काट्या, मी कुणाला विचारू?"

पत्र तिथेच संपत होतं. डॉक्टर कागद हातात घेऊन नुसता उभा होता. विंगेतून कुणी काही सांगत नव्हतं, कारण सांगणार काय? गोळ्यांची पुडीसुद्धा वाजत नव्हती.

"मला विचारायचं होतंत," माई म्हणाली.

ती कुजबुजली नाही. चांगलं खणखणीत बोलली, शेवटच्या रांगेतल्या खांबापर्यंत पोचेल असं. घड्याळजीनं मान वर केली. तिच्या कोपराला चिमटा बसला नाही.

"बरा आहे तो," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी लग्न केलं त्यानं. गेल्या महिन्यात मुलगी झाली, म्हणून फिरती सोडली. सासरच्या गावातल्या नाट्यगृहात कायमचं काम मिळालंय. सगळी पत्रं त्या डावीकडच्या खालच्या खणात आहेत, कागदाखाली. आता जायचं असेल घर सोडून, तर जा."

कुणीच शुक् केलं नाही. विंगेत कुणाची तरी अक्कल जागेवर आली आणि पडदा पडला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या काही केल्या थांबेनात. उंच डोक्याचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि बायकोला सांगत होता, की प्रेक्षकांत पात्रं बसवण्याची ही नवी पद्धत फार परिणामकारक आहे.

मध्यंतरानंतर घड्याळजी आणि माई आत गेले नाहीत. नाटक अर्धवट सोडण्याची घड्याळजीची ही पहिलीच वेळ. भिकारातलं भिकार नाटकही तो शेवटच्या पडद्यापर्यंत बसून बघायचा. दोघं बाहेरच्या बाकावर बसली. टेबल दुसऱ्या अंकात लागणार होतं, त्यामुळे नाटक संपेपर्यंत पत्रं मिळणार नव्हती. कंपनीच्या सामानवाल्यानं तेवढा तो एक कागद आणून दिला आणि हात जोडून माफी मागितली. म्हणाला, टेबल जिन्यावरून आडवं करून आणलं, तेव्हा खणांच्या मागे अडकलेलं काहीतरी सुटून आत पडलं असणार. घड्याळजीनं मान हलवली. टेबल देण्याआधी आपले सगळे कागद त्यानं मोजून दुकानात नेऊन ठेवले होते. हा एक सापडत नव्हता, तेव्हा चुकून जाळला असेल अशी त्यानं स्वतःची समजूत काढली होती.

माईचा राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता, हे तिनं त्याला स्पष्ट सांगितलं. घड्याळजी हो म्हणाला. मग खिशातून घड्याळ काढून त्यानं पाहिलं, परत ठेवलं, परत काढलं. एवढं लांबलचक नाटक लिहायची लोकांना गरजच काय असते, असं तो पुटपुटला. मुलीचं नाव काय ठेवलं, हे विचारायचा धीर मात्र त्याला होईना, ते तिला दिसत होतं.

"पत्रं मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही," ती म्हणाली. "सव्वीसच्या सव्वीस मला पाठ आहेत. पहिल्यापासून म्हणून दाखवते. पण आधी तुम्ही सांगायचं."

"काय सांगू?"

"तुम्ही अकरा वेळा पाहिलंत त्याला. मी सात वर्षांत एकदाही नाही." तिचा आवाज इथपर्यंत नीट होता, तो आता फुटला. "कसा दिसतो तो? तसाच आहे का, काट्या?"

घड्याळजीनं दोन्ही हात स्वतःच्या पोटासमोर धरले आणि हळूहळू पुढे नेले.

"काट्या कसला," तो म्हणाला. "चांगलं पोट सुटलंय त्याला."